परत जा, पण पहिल्यांदा एसटीनं

वाईजवळच्या एका गावातून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय. वहीचे सहा कागद, पाठपोट, एकही खाडाखोड नाही. त्यातलं मुख्य तेवढं इथं देते.

"माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, मागच्या सीटा काढून त्यात पलंग, ओटा, कपाट बसवलं, टपावर पाण्याची टाकी चढवली. मुलगा-सून पुण्यात असतात. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून आम्ही त्या गाडीतच राहायला लागलो. कुंभार्ली घाटानं उतरलो आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली गेलो. पौषात एका लहानशा बंदराच्या गावी तीन रात्री थांबलो. गाडी धक्क्यावरच लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी घेऊन चाललेल्या एका बाईंनी मला ओंजळभर मांदेली दिली. पैसे घेतलेच नाहीत. त्या मासळी निवडत होत्या, मी शेजारी तासभर बसले. इतक्या दिवसांत यजमानांशिवाय दुसऱ्या कुणाशी मी निवांत बोलले असेन तर तो एकच तास. तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. चंद्र बघून जेवलो, झोपलो आणि पहाटे चारच्या सुमाराला गाडीवर थापा पडल्या. पाच-सहा जण, हातात बॅटऱ्या. 'गाडी काढा.' यजमान म्हणाले, जागा सरकारी आहे, कुणाच्या बापाची नाही. त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, 'तुम्ही झोपायला आलाय, आम्ही कामाला आलोय.' आम्ही तशाच अंधारात निघालो, उरलेली रात्र पेट्रोल पंपावर काढली. आम्ही कचरा केला नव्हता, गाणी लावली नव्हती, कुणाचं काही घेतलं नव्हतं. मग चुकलं काय? सध्या गाडीच्या कामासाठी घरी आलोय. मला त्या गावी परत जाऊन पंधरा दिवस राहावंसं वाटतं. यजमान म्हणतात, जिथं अपमान झाला तिथं पुन्हा चाक फिरवणार नाही. काय करावं?"

प्रिय ताई,

गावाचं नाव तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही. तुमच्या यजमानांना मी या पत्रात दाजी म्हणणार आहे. बहिणीच्या नवऱ्याला आपल्या सातारी भाषेत दुसरं काय म्हणणार? आणि दाजी म्हटलं की दोन शब्द सुनवायचा हक्कही मिळतो.

चूक तुमची होती. दाजींची बारा आणे, तुमची चार आणे.

तुम्ही संकष्टीचा उल्लेख केलात हे बरं झालं, कारण त्या एका शब्दात त्या रात्रीचा सगळा हिशेब आहे. शिक्षिका आहात, पाऊणकी पाठ असेल. आपल्या किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, जे उत्तर येईल त्या वाजता पुरी भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, फार तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, आणि तुम्हाला उठवलं ती पहाट पंचमीची. पाच पाऊण पावणेचार. तुमच्या गाडीवर थापा पडल्या तेव्हा खाडीत पुरी भरती होती, ताई.

लहान बंदराचं घड्याळ हे असं असतं. मोठ्या बंदरात, म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी, होड्यांची ये-जा सतत चालू असते. पण खाडीच्या तोंडावर वसलेल्या छोट्या गावात मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीला त्यावर पाणी इतकं उथळ होतं की भरलेली होडी आत येऊच शकत नाही, आली तर रुतून बसते. म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बाहेर थांबतो आणि पाणी चढलं की आत शिरतो. भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते, त्यामुळे धक्क्यावरची गडबड आज दोनला असेल तर दोन-तीन दिवसांनी चारला. पहिल्या दोन रात्री तुम्ही शांत झोपलात, कारण होड्या बहुधा बाहेर समुद्रातच होत्या. तिसऱ्या रात्री त्या आल्या आणि त्यांच्या वाटेत तुमचा पलंग होता.

होडी लागली की पुढचा तास-दीड तास कसा जातो तेही सांगते, म्हणजे दाजींना त्या माणसाचा आवाज का चढला होता ते कळेल. मासळी बाहेर पडते ती लगेच निवडायची असते: सुरमई वेगळी, बांगडा वेगळा, कोळंबी वेगळी, उरलेली बारीक मासळी बायकांच्या पाट्यांत. त्याच वेळी बर्फाची गाडी धक्क्यावर यायला लागते, कारण होडीतला बर्फ संपत आलेला असतो आणि मासळीवर नवा बर्फ पडला नाही तर उजाडेपर्यंत भाव उतरतो. घाटावरच्या बाजारात जाणारा टेम्पो तिथंच उभा असतो, त्यालाही उजाडायच्या आत घाट गाठायचा असतो. पाणी उतरायच्या आत होडीला डिझेल आणि बर्फ घेऊन पुन्हा बाहेर पडायचं असेल तर आणखीच घाई. आणि धक्का केवढा? दोन गाड्या कशाबशा एकमेकींना ओलांडतील एवढा. त्यातली एक तुमची, पडदे लावलेली, हँडब्रेक ओढलेली, आतून घोरण्याचा आवाज.

आपल्याकडं कारखान्याच्या काट्यावर, उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असताना, कुणी पाहुण्यानं वाटेत गाडी आडवी लावून पथारी पसरली तर? आपल्या लोकांनी थापा मारण्यावर भागवलं नसतं.

तरी एक मान्य करते. बाई माणूस आत झोपलेलं असताना पाच-सहा जणांनी अंधारात बॅटऱ्या घेऊन गाडी बडवणं ही घाबरवणारीच गोष्ट. तुमचं काळीज धडधडलं असेल, पुढे चार रात्री झोप लागली नसेल. पण त्यांच्या बाजूनंही भीतीच होती हे तुमच्या लक्षात आलं नसावं. १९९३ साली मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठी आणलेली स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, रात्रीच उतरली होती. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले, तेही मासेमारीची होडी पळवून. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गावांना सतत सांगितलं गेलंय की अनोळखी होडी, अनोळखी गाडी, अनोळखी माणूस दिसला की कळवा. सागरी पोलीस ठाणी आहेत, गावोगावी सागर सुरक्षा दलाची पोरं आहेत. अशा गावात काळ्या काचांची, पडदे ओढलेली ट्रॅव्हलर तीन दिवस धक्क्यावर उभी, आतला पुरुष कुणाशी बोलत नाही, सकाळी दार उघडून बादली ओततो आणि दार लावून घेतो. तुमच्या पत्रात दाजींनी त्या गावात कुणाशी बोलल्याचा एकही उल्लेख नाही. मी दोनदा वाचून खात्री केली.

जागा सरकारी आहे, हे दाजींचं म्हणणं खरं. पण ती लोकांच्या कामासाठी सरकारी आहे. एसटीचा फलाटही सरकारी, त्यावर कुणी खाट टाकली तर वर्कशॉपमधले दाजी काय म्हणाले असते हे त्यांनाच विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न, परत जावं का. जावं. पण पहिल्यांदा गाडी घरी ठेवून, एसटीनं.

हे मी कुठून शिकले ते सांगते. आमचं गाव खटाव तालुक्यात. माण-फलटणकडचे धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, घाट उतरून कोकणात भाताच्या मोकळ्या खाचरांत उन्हाळा काढतात आणि पाऊस लागायच्या आत परततात. परतीच्या वाटेवर त्यांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तांडा, दरवर्षी आमच्या रानात बसायचा. लहानपणी मला वाटायचं ते अचानक येतात. तसं नव्हतं. दोन दिवस आधी त्यांच्यातला एक जाणता माणूस एकटाच यायचा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ओसरीच्या खालच्या पायरीवर बसायचा, पाणी प्यायचा. पाऊसपाणी, कुणाची पोर उजवली, कुणाचा बैल गेला. मग बोलणं व्हायचं: किती रात्री, कुठल्या रानात, मेंढरांच्या लेंडीखताचे किती शेर ज्वारी, विहिरीचं पाणी कुठून घ्यायचं, पोरांनी कुठल्या झाडाला हात लावायचा नाही. आई घासाघीस करायची, तोही करायचा. सगळं ठरलं की तो उठून जायचा आणि दोन दिवसांनी घोड्यांवर संसार लादून, लहान कोकरं पिशवीत घालून वाडा यायचा. वर्षातले आठ महिने चालत राहणारी ही माणसं, आणि कुणाच्या रानात न विचारता एक रात्र काढत नव्हती. तुम्हाला वाटत असेल गाडीत राहणं ही नवी टूम आहे. आपल्या जिल्ह्यात ती शेकडो वर्षं चाललीय, फक्त इंजिन नव्हतं.

तेव्हा दाजींना म्हणावं, त्या जाणत्या माणसासारखं आधी एकट्यानं जा. किंवा दोघं जा, तुम्हाला तर तिकीट अर्धंच आहे. सकाळी पोचाल अशा बेतानं निघा. धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसा. दाजींनी स्वतःहून सांगावं, "पौषात रात्री ज्यांची गाडी हलवली ती आमची." पहिल्या वाक्यात हे सांगितलं की पुढचं सगळं सोपं होतं. गावात सगळ्यांनी आधीच ओळखलेलं असणार, ते फक्त तुम्ही काय म्हणता याची वाट बघत असतील. माफी मागायची का, हे दाजींवर सोडा. माझ्या अनुभवात "आम्हाला भरतीचं ठाऊक नव्हतं" एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे.

मग जागेचं विचारायचं. सोसायटीच्या, म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थेच्या, ऑफिसात जा. धक्क्यावर कुठल्या वेळी काय चालतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पोलीस पाटलांना भेटा, आधार कार्ड आणि गाडीचे कागद दाखवा, किती दिवस राहणार ते सांगा. ते सागरी पोलिसांना कळवतील आणि रात्री बॅटऱ्या येणार नाहीत.

पण धक्क्यावर राहायचं मुळी डोक्यातनंच काढून टाका. ती जागा सुंदर दिसते, सकाळी दार उघडलं की पाणी समोर, हे सगळं मान्य. तुम्हाला हवंय अंगण. तुमचं पत्र वाचताना मला हेच जाणवत राहिलं. चार पानं दाजींच्या गाडीबद्दल आहेत: पलंगाखाली कप्पा कसा केला, बॅटरी कुठं बसवली. आणि मासळी निवडणाऱ्या बाईंजवळ बसल्याचं अर्धं पान आहे, तेवढंच जिवंत आहे. गाडीत माणसाला घर मिळतं, पण ओटी-पडवी मिळत नाही. येणाराजाणारा दोन मिनिटं टेकेल अशी जागा नाही, स्वतः एकटं जाऊन बसावं असा कोपरा नाही. दाजींना ते जाणवत नाही, कारण ते गाडीखाली जाऊन झोपतात आणि नट आवळत बसतात. ती त्यांची पडवी.

कोकणात न्याहारी-निवास चालवणारी पुष्कळ घरं आहेत. अशा एखाद्या घरी विचारा: खोली नको, अंगणात गाडी लावू, संडास-बाथरूम आणि विहिरीचं पाणी वापरू, दिवसाला इतके देऊ. रक्कम आधी ठरवा आणि दोन वेळचं जेवण त्यांच्याकडं घ्या, म्हणजे त्या घरालाही चार पैसे सुटतील. घर बंदरापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर असलं की झालं. पायी जाणाऱ्या बाईला वाटेत माणसं भेटतात. मात्र गाडी आत न्यायच्या आधी दाजींनी ती पाखाडी, ती वळणं पायी बघून यावीत. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या या वाटा बैलगाडीच्या मापाच्या असतात, वर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा. टपावरच्या टाकीसकट गाडीची उंची मोजून ती डॅशबोर्डवर लिहून ठेवा. कंपनीनं सांगितलेली उंची आता खरी नाही.

संडासाचं लिहायला तुम्हाला संकोच वाटला असावा, म्हणून मीच लिहिते. गाडीत राहणाऱ्यांचा आणि गावाचा बिघाड होतो तो बहुतेक वेळा इथंच. तुमच्याकडं ती उचलून न्यायची पेटी असेल तर ती खाडीत ओतू नका, खडकात नाही, झाडीत नाही. ओहोटीला त्याच खडकांवर बायका कालवं फोडायला बसतात आणि चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचतात. ज्या घरी उतराल त्यांच्या संडासात ओता आणि ते त्यांना आधी सांगून. दाजींची सकाळची ती बादली नुसत्या भांडी धुतलेल्या पाण्याची असेलही, पण लांबून बघणाऱ्याला ते कसं कळणार?

पाण्याबद्दल आपल्या माणदेशी डोक्याला एक गोष्ट पटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर आपल्याला वाटतं तिथं पाणी मोप असणार. तो सगळा पाऊस उतारावरून थेट समुद्राला मिळतो आणि जांभ्यात मुरलेलं पाणीही फार काळ टिकत नाही. एप्रिल-मे आला की बऱ्याच वाड्यांना टँकर लागतो, बायका विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतात. अशा दिवसांत पाहुण्याच्या गाडीनं नळाला पाइप लावून टपावरची टाकी गच्च भरली, तर वाडीतली पोरंसुद्धा बघत राहतात. टाकी तालुक्याच्या गावीच भरून या आणि गावातलं पाणी घागरीच्या मापानं वापरा.

पुळणीवर गाडी घालायचा मोह दाजींना होईल. मी स्वतः या मोहाची शिकार आहे. काही वर्षांपूर्वी भावाच्या जीपनं आम्ही एका किनाऱ्यावर गेलो, ओहोटीची घट्ट वाळू बघून थेट पाण्याजवळ गाडी लावली, स्टोव्ह मांडला, चहा टाकला. पौर्णिमेच्या पुढचा दिवस होता. उधाणाचं पाणी कसं येतं हे घाटावरच्या माणसाला बघितल्याशिवाय कळत नाही: लाट येत नाही, नुसती वाळू ओली होते, आणि आपण बोलत असतो. चाकाखालची वाळू मऊ झाली आणि जीप बसली. भावानं ॲक्सिलरेटर दाबला तशी आणखी बसली. गावातला एक ट्रॅक्टरवाला आला, न हसता त्यानं साखळी लावली आणि मागितले तेवढे पैसे आम्ही दिले. एक चप्पल आणि स्टोव्ह समुद्राला. बहुतेक किनाऱ्यांवर आता गाडी घालायला बंदीचे फलक आहेत, तरी दर सुट्टीत कुणीतरी रुततंच. तुमची ट्रॅव्हलर रुतली तर एका ट्रॅक्टरनं भागायचं नाही.

कधी जायचं? माघ संपत आलाय. भेटीला आत्ता लगेच जा, पण मुक्कामाला नको. शिमगा तोंडावर आहे. कोकणात शिमगा म्हणजे आपल्याकडची एका दिवसाची होळी-पोळी नाही. पालखी घरोघर फिरते, मुंबईची चाकरमानी मंडळी येतात, जिथं बघाल तिथं गाड्या, आणि पालखीच्या वाटेवर किंवा सहाणेपाशी, म्हणजे पालखी ठेवतात त्या जागेपाशी, पाहुण्याची गाडी उभी असणं बरं दिसत नाही. चैत्र-वैशाखात उकाडा आणि पाण्याचे हाल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या, बंदर सुनं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर हंगाम मनावर घेतला जातो, पण श्रावण-भाद्रपदात त्या पावसात गाडीतल्या गाद्यांना बुरशी येईल, शिवाय गणपतीला पुन्हा सगळी मुंबई गावात. तेव्हा पंधरा दिवसांचा मुक्काम मार्गशीर्षात. तोपर्यंत दोन-तीनदा एसटीनं जाऊन या. मार्गशीर्षात गाडी घेऊन पोचाल तेव्हा तुम्हाला नावानं हाक मारणारं कुणीतरी असेल.

कागदांचं दाजींना ठाऊक असेल, पण लिहून ठेवते. गाडीच्या बांधणीत केलेले बदल आरटीओकडून मंजूर करून आरसी बुकात नोंदवलेले नसतील तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली अडचण होते, आणि विमा कंपनी ऐन वेळी हात वर करते. २०२१ साली राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्याबद्दल पर्यटन खात्यात एकदा विचारा. गॅसची गळती खाली साठते, वर जात नाही, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं. आणि थंडीत दारं-खिडक्या बंद करून आत शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो. यात दाजींनी मेकॅनिकपणा दाखवू नये.

मेकॅनिकपणा दाखवायला त्यांना दुसरी जागा आहे. मोठ्या होड्यांच्या पोटात बसवलेलं इंजिन पुष्कळदा ट्रकच्याच जातीचं डिझेल इंजिन असतं, अशोक लेलँडचं असलं तर दाजींनी त्याचे भाऊबंद जन्मभर उघडले असतील. फरक एवढाच की रेडिएटरऐवजी समुद्राच्या पाण्यानं थंड करायची सोय असते आणि खारं पाणी प्रत्येक नट खात असतं. दुपारी ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात, तेव्हा तांडेल आणि एखादा खलाशी इंजिनाशी झटापट करत असतात. दाजींनी तिथं जाऊन उभं राहावं. "मी तीस वर्षं एसटीत" हे वाक्य पहिल्या दिवशी उच्चारू नये. पाना मागितला तर पाना द्यावा. कुठला आवाज येतोय असं कुणी स्वतःहून विचारलं तर सांगावं. समुद्रात पंधरा-वीस मैलांवर इंजिन बंद पडणं काय असतं हे त्या माणसांना ठाऊक आहे, त्यांना बढाई नको असते. दाजींचा अपमान ज्या पाच-सहा जणांनी केला त्यातला एखादा तिथं असेलच. दोघांचे हात एकाच ग्रीसनं काळे झाले की पुढं काय होतं ते मी दाजींच्या वर्कशॉपातल्या दोस्तांवर सोपवते.

आणि तरीही दाजी नाहीच म्हणाले तर? मग तुम्ही जा. मैत्रीण घ्या, नणंद घ्या, नाहीतर एकट्या जा. त्या गावाशी दाजींचं भांडण झालंय, तुमचं नाही. तुमचं तिथं मांदेलीचं देणं आहे.

ते देणं पैशानं फेडायला जाऊ नका, त्या बाईंनी एकदा हात मागं घेतलाय. घाटावरून खाली काय जायचं हे आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवलंय: वरून गूळ आणि धान्य, खालून मीठ आणि सुकी मासळी. वाईची हळद घ्या, पाव किलो नव्हे, चांगली किलोभर. तिथं रोजच्या कालवणाला लागते. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा घ्या, एखादी गुळाची ढेप. घरचा कांदा-लसूण मसाला असेल तर लहानशी बरणी न्या. त्यांच्या तिरफळाच्या आमटीपुढं तो त्यांना धसमुसळा वाटेल, हसतील, पण ठेवून घेतील. स्ट्रॉबेरी नेऊ नका, घाट उतरेपर्यंत तिचा लगदा होतो.

एक शेवटचं. सहा पानांत त्या बाईंच्या पाटीचा रंग आहे, हातातल्या हिरव्या बांगड्या आहेत, त्या मांदेलीचं डोकं कसं एका झटक्यात काढतात तेही आहे. त्यांचं नाव कुठं नाही. विचारायचं राहिलं असणार. या खेपेला ते आधी विचारा.